पाप मराठीत सांगितलं तर चालतंय काय? – आमच्या धर्मशिक्षण वर्गाविषयी

कृष्णाकाठची_टीचर
नमस्कार मंडळी. बरेच दिवस हे मनात होतं, आज लिहून काढते.

सांगलीत आमचं चर्च लहान आहे. रविवारची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) झाली की मागच्या व्हरांड्यात चटया टाकून आम्ही दोघीजणी धर्मशिक्षणाचा वर्ग घेतो. यंदा पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे ख्रिस्तप्रसाद पहिल्यांदा घेण्याच्या, तयारीला ११ मुलं आहेत. घरात बोलायच्या भाषा चार: मल्याळम, कोंकणी, तमिळ आणि मराठी. कुणाची आई नर्स आहे, कुणाचे वडील कुपवाड एमआयडीसीत, एक कुटुंब मराठवाड्यातून बांधकामाच्या कामावर आलेलं. वर्ग सुरू व्हायच्या आधी अंगणात पळापळी चालते ती मात्र सगळी मराठीत, आपल्या सांगलीच्या मराठीत. आणि मग चटईवर बसून आम्ही इंग्रजी पुस्तक उघडतो.

मागच्या रविवारी कन्फेशनचा, म्हणजे फादरांजवळ आपलं पाप सांगून देवाची क्षमा मागण्याचा, पाठ होता. सुरुवातीचं वाक्य, शेवटची पश्चात्तापाची प्रार्थना, सगळं इंग्रजीतून एकेकाकडून म्हणून घेत होते. तिसरीतला एक मुलगा, मराठी शाळेत जाणारा, बराच वेळ खाली मान घालून बसला होता. त्याची पाळी आली तेव्हा म्हणाला, "टीचर, पाप मराठीत सांगितलं तर चालतंय काय?"

मी म्हटलं, चालतंय की. त्यावर तो म्हणाला, "मग हे इंग्लिशमध्ये कशाला पाठ करायचं?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन रात्रभर तेच डोक्यात. सहा वर्षं शिकवतेय मी. दरवर्षी मुलं पांढऱ्या कपड्यांत, हातात मेणबत्ती घेऊन उभी राहतात तेव्हा डोळे भरून येतात. पण त्या मुलाला स्वतःची चूक देवापुढे कुठल्या शब्दांत मांडायची हे मी शिकवलंच नव्हतं. त्याला एक वाक्य दिलं होतं, ज्यातला एकही शब्द तो घरी कधी ऐकत नाही.

दुसरी गोष्ट घरांची. आठवड्यातून ४०–४५ मिनिटं मूल आमच्याकडे असतं. बाकी सगळा आठवडा घरी. घरी संध्याकाळची प्रार्थना होते का, असं विचारलं तर ११ पैकी तिघांनी हात वर केला. पालक वाईट नाहीत, थकलेले आहेत. आणि त्यांना वाटतं, "टीचर शिकवतायत ना."

तुमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) कुठल्या भाषेत शिकवता? आणि आईवडिलांना कसं सामील करून घेता?

---

लोंडा_ते_मिरज
टीचर, लिहिलंत हे फार बरं केलंत. माझं वय ७४. वडील रेल्वेत होते, लोंड्याहून मिरजेला बदली झाली आणि आम्ही इथलेच झालो. घरी कोंकणी, शाळेत मराठी, आणि मी लहान असताना मिस्सा लॅटिनमध्ये. व्हॅटिकनची दुसरी महासभा १९६२ ते ६५ झाली, त्यानंतर हळूहळू लोकांच्या भाषेत उपासना आली. बायबलचा पाठ मराठीत पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझी आई मिस्सा संपेपर्यंत रडत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण त्या दिवशी उधळ्या पुत्राची गोष्ट तिला शब्दन् शब्द कळली.

एक मात्र सांगतो. पाठांतराला नावं ठेवू नका. "देवानं तुला का घडवलं?" या प्रश्नाचं उत्तर, त्याला ओळखावं, त्याच्यावर प्रेम करावं, त्याची सेवा करावी म्हणून, हे मला सातव्या वर्षी पाठ करायला लावलं. तेव्हा काही कळलं नाही. पन्नाशीत पत्नी गेली त्या रात्री तेच उत्तर तोंडात आलं. आठवायला काही पाठ असावं लागतं. फक्त ते मुलाच्या भाषेत पाठ असावं.

---

कृष्णाकाठची_टीचर
काका, हे वाचून गप्प झाले. पाठांतर बंद करायचं नाहीच आहे. ते मराठीत आणायचं आहे.

---

वसईची_मावशी
आमच्याकडे मिस्सा मराठीत आणि धर्मशिक्षणही मराठीत, त्यामुळे भाषेचा प्रश्न सुटलेला आहे असं बाहेरच्यांना वाटतं. तसं नाही. माझी आजी कादोडी, ही आमच्या वसईतली बोली, बोलायची. कन्फेशनला ती "कुमसार" म्हणायची, पोर्तुगीज काळापासून आलेला शब्द. पुस्तकात "प्रायश्चित्त संस्कार" असं लिहिलेलं. आम्ही वर्गात दोन्ही शब्द घेतो. आधी विचारायचं, तुमच्या आजीकडे याला काय म्हणतात? मग पुस्तकातला शब्द सांगायचा. मुलं घरी जाऊन आजीला विचारतात आणि तिथूनच घर वर्गात येतं.

अजून एक. संत गोन्सालो गार्सिया आमच्या वसईचे. १५९७ साली नागासाकीत क्रुसावर हुतात्मा झाले, १८६२ साली संत म्हणून जाहीर झाले. मुलांना एवढं माहीत असतं. पण ते जपानी भाषा शिकले आणि तिथल्या लोकांना त्यांच्या भाषेत धर्मशिक्षण देत होते, हे आम्ही मुद्दाम सांगतो. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखेच धर्मशिक्षक! तुमच्या त्या तिसरीतल्या मुलाला ही गोष्ट नक्की सांगा.

---

रात्रपाळी
मी नर्स आहे. केरळमधून मिरजेला येऊन १८ वर्षं झाली. मराठी पेशंटकडून शिकले, लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या.

टीचर, ज्या घरांत हात वर झाला नाही, त्यातलं एक घर माझ्यासारख्याचं असणार. आमच्या गावी संध्याकाळी सात वाजता सगळं घर प्रार्थनेला बसायचं. आजोबा सुरुवात करायचे, आम्ही मुलं चटईवर गुडघ्यावर. पाहुणा आला तरी थांबायचं नाही, तोही बसायचा. इथं माझी ड्युटी रात्रीची, नवऱ्याची सकाळची. आम्ही चौघं एकत्र जेवतो तेच आठवड्यातून दोनदा.

माझा मुलगा मराठीत विचार करतो. मी मल्याळममध्ये प्रार्थना सुरू केली की तो ओठ हलवतो. एकदा त्यानं विचारलं, "मम्मी, येशूला मल्याळम येतं?" मी म्हटलं, येतं. तो म्हणाला, "मला नाही येत." त्या दिवसापासून मी नमो मरिया, ही मरियामातेची प्रार्थना, मराठीत शिकले. माझी भाषा त्याच्यासाठी सोडली असं नाही. सकाळी घराबाहेर पडताना त्याच्या कपाळावर क्रूस काढते तेव्हा मल्याळममध्येच आशीर्वाद देते. तो त्याला कळतो.

वेळेचं म्हणाल तर आम्ही आता रोझरीची (जपमाळेच्या प्रार्थनेची) पाचही रहस्यं एका बैठकीत म्हणत नाही. एक दशक, म्हणजे दहा नमो मरिया. पाच मिनिटंही लागत नाहीत. मी ड्युटीवर असले तर फोन स्पीकरवर ठेवतात. स्टाफरूममध्ये उभी राहून मी हळू आवाजात म्हणते.

---

अजिंक्यतारा
रात्रपाळी ताई, तुमची मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ आहे.

मी साताऱ्याचा. आमच्याकडे मुलं कमी, घरं लांब लांब. एक कुटुंब कोरेगावहून येतं, एक वाईकडून. दर रविवारी येणं सगळ्यांना जमत नाही, त्यामुळे मी दोन वर्षांपासून वर्ग उलटा केला आहे: आईवडिलांना शिकवतो आणि ते मुलाला शिकवतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी पालकांबरोबर एक तास. त्यात पुढच्या चार आठवड्यांचे चार छोटे पाठ. प्रत्येक पाठात एक शुभवर्तमानातली गोष्ट, एक प्रश्न, एक प्रार्थना, आणि घरी करायचं एक काम. "या आठवड्यात कुणाची माफी मागायची राहिली आहे?" हा प्रश्न बापानं आधी स्वतःबद्दल सांगायचा, मग मुलाला विचारायचा.

सुरुवातीला विरोध झाला. एक गृहस्थ म्हणाले, आम्ही शिकलेलो नाही, हे काम फादर-सिस्टरांचं. मी त्यांना चर्चचा नियमच दाखवला. १९८३ च्या धर्मसंहितेत कलम ७७४ सांगतं की शब्दानं आणि आचरणानं मुलांना श्रद्धेत घडवण्याची जबाबदारी सगळ्यांच्या आधी आईवडिलांची. कलम ९१४ तर थेट पहिल्या कम्युनियनबद्दल आहे: तयारी करून घ्यायचं कर्तव्य प्रथम पालकांचं, आणि त्याचबरोबर धर्मगुरूंचं. आपण शिक्षक मदतीला आहोत. त्यांची जागा घ्यायला गेलो की मूल दोन्हीकडून सुटतं.

ते गृहस्थ आता पहिल्या बाकावर बसतात. मागच्या महिन्यात त्यांनी मुलासमोर स्वतःच्या रागाबद्दल माफी मागितली. मुलगा मला सांगत होता, "पप्पा रडले, मग आम्ही प्रार्थना केली." कन्फेशन म्हणजे काय हे त्या मुलाला आता मी वेगळं शिकवायची गरज उरलेली नाही.

---

हळदगल्ली
वाचतेय. फार मोलाचा धागा.

---

पुण्याचा_जॉनी
थोडं वेगळं मत. इंग्रजीतून शिकवण्यामागं कारण आहे. ही मुलं उद्या पुण्या-मुंबईला, गोव्याला, परदेशात जाणार. तिथं मिस्सा इंग्रजीत असते. मराठीतून शिकलेलं मूल तिथं परकं पडतं आणि मग जाणंच सोडतं. मी स्वतः हे पाहिलं आहे. शिवाय चार घरच्या चार भाषा असतील तर मधली भाषा इंग्रजी, हे न्याय्य नाही का? मराठी तरी सगळ्यांची कुठं आहे?

---

कृष्णाकाठची_टीचर
जॉनीदादा, तुमचं म्हणणं खोटं नाही. मिस्सेतली इंग्रजी उत्तरं मुलांना यायलाच हवीत, ती आम्ही शिकवत राहू. पण अंगणातली भाषा बघा ना. चार घरची मुलं एकमेकांशी भांडतात, कट्टी करतात, बट्टी करतात ती मराठीत. क्षमा मागायची वेळ येते ती त्याच भाषेत. मूल परकं पडतं ते इंग्रजी न आल्यामुळे की प्रार्थना कधी मनापासून केलेलीच नसल्यामुळे, यावर मला शंका आहे. आमच्याकडे पहिल्या कम्युनियनचे फोटो झाले, हॉल झाला, केक झाला आणि पुढच्या रविवारपासून मूल दिसेनासं झालं, असं दरवर्षी होतं. ती मुलं तर इंग्रजीतच शिकलेली होती.

---

लोंडा_ते_मिरज
केकचं खरं आहे. सातव्या वर्षाच्या आसपास मुलाला ख्रिस्तप्रसाद द्यावा असं पोप दहाव्या पायस यांनी १९१० साली ठरवून दिलं. त्याआधी बऱ्याच ठिकाणी मुलं दहा-बारा-चौदा वर्षांची होईपर्यंत थांबवत. त्यांचं म्हणणं एवढंच की साधी भाकर आणि ही भाकर यातला फरक मुलाला त्याच्या समजेप्रमाणे कळला की पुरे, लहानपणीच येशूजवळ येऊ द्या. ती सुरुवात होती. आपण तिचा निरोप समारंभ करून टाकला.

---

कोयनाकाठ
मी कॅथलिक नाही. इथं लिहावं की नाही विचार करत होते.

मी कराडची. नवरा कॅथलिक, आमचं लग्न चर्चमध्ये परवानगी घेऊन झालं. मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवण्याचं वचन त्यांनी दिलं होतं, आणि मला ते समजावून सांगितलं होतं. मी मान्य केलं होतं. मनापासून केलं होतं. आता मुलगी आठ वर्षांची आहे. तिला रविवारी वर्गाला मी घेऊन जाते. नवरा ट्रान्सपोर्टमध्ये, बहुतेक बाहेरगावी. मी मागच्या बाकावर बसते आणि वर्गात जे सांगतात ते वहीत लिहून घेते, कारण आठवडाभर मुलगी मलाच विचारते.

रात्री झोपताना "हे आमच्या स्वर्गीय पित्या" आम्ही दोघी म्हणतो. "जसे आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो" या ओळीवर ती मला विचारते, आई तू आज कुणाला क्षमा केलीस? मला रोज उत्तर शोधावं लागतं.

एकदा एका बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तुमचा बाप्तिस्मा झालेला नाही, तुम्ही प्रार्थना शिकवू नये, चुकीचं शिकेल. मी त्या रविवारनंतर महिनाभर गेले नाही. मुलगी म्हणाली म्हणून परत जायला लागले. मला खरंच विचारायचं आहे, मी शिकवलं तर चालतं का?

---

अजिंक्यतारा
ताई, चालतं. शंभर वेळा चालतं. मुलाला प्रभूची प्रार्थना शिकवणाऱ्या आईला कुठलंच कलम अडवत नाही. आणि ज्या कुणी तुम्हाला ते सांगितलं त्यांच्या वतीनं मी तुमची माफी मागतो.

फक्त एक विनंती. वचन तुमच्या यजमानांनी दिलं होतं. ते बाहेरगावी असले तरी फोनवर रोज ती एक प्रार्थना त्यांनीही म्हणावी. रात्रपाळी ताई स्टाफरूममधून म्हणतात, तर ढाब्यावर गाडी थांबवून म्हणता येईल. तुमच्या एकटीच्या खांद्यावर हे सगळं नको.

---

रात्रपाळी
कोयनाकाठ, तुमची वही बघायला आवडेल मला. आमच्या आजीनंही असंच ऐकून ऐकून शिकवलं. तुम्ही परत आलात, बरं झालं.

---

कोयनाकाठ
आज यांना धागा वाचून दाखवला. काही बोलले नाहीत. रात्री नऊ वाजता फोन आला, कोल्हापूरच्या पुढं कुठंतरी होते. म्हणाले, स्पीकरवर ठेव.

---

मिरजेचा_शेजारी
मी प्रोटेस्टंट आहे. सांगली-मिरजेत ख्रिस्ती म्हटलं की लोकांना आधी आम्हीच दिसतो, मिशन हॉस्पिटलमुळे. आमच्या संडे स्कूलमध्ये दर रविवारी बायबलचं एक वचन पाठ, आणि गाणी भरपूर. भाषा पहिल्यापासून मराठी. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी शेवटच्या वर्षांत, १९१७ साली, साताऱ्यातच 'देवाचा दरबार' सुरू केला. येशूची भक्ती अभंगात, भजनात, टाळ घेऊन करता येते हे त्यांनी आपल्या लोकांना दाखवलं. तुमच्या मुलांना ती भजनं शिकवा. टाळ दिला की मूल आपोआप सरळ बसतं, हा माझा अनुभव.

---

वसईची_मावशी
शेजारीदादा, टिळकांची भजनं आमच्याकडेही गातात. आणि मागं गेलं तर फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण आहेच, १६१६ साली छापलेलं. जन्मानं इंग्रज माणूस, गोव्यात राहून मराठी शिकला आणि नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांसाठी बायबलची कथा ओवीत सांगितली. चारशे वर्षांपूर्वी इंग्रज माणसाला जे सुचलं ते आपण सोडून द्यायचं?

---

कृष्णाकाठची_टीचर
शेजारीदादा, तुम्ही लिहिलंत म्हणून विचारते. आमच्या मुलांना शाळेत प्रोटेस्टंट मित्र असतात. ते विचारतात, तुम्ही मरियेची पूजा का करता? तुमच्या बायबलमध्ये जास्त पुस्तकं कशी? आमची मुलं गोंधळतात. मी सांगते की पूजा फक्त देवाची. मरिया आपली आई, आईला जशी आपण "माझ्यासाठी प्रार्थना कर" म्हणतो तसं तिला म्हणतो. आणि पुस्तकं आमच्याकडे ७३, तुमच्याकडे ६६, फरक जुन्या करारातल्या ७ पुस्तकांचा. येशू एकच. यात काही कटू वाटत नाही ना?

---

मिरजेचा_शेजारी
अजिबात नाही. असंच सांगा. मीही आमच्या मुलांना सांगेन की मित्राला विचारताना चिडवू नका.

---

नियमवाचक
मूळ प्रश्नावर एक माहिती. पाप कुठल्या भाषेत सांगायचं याला बंधन नाही. धर्मगुरूंना भाषा येत नसेल तर दुभाष्यामार्फतही कन्फेशन करता येतं, कलम ९९०. त्या दुभाष्यालाही गुप्ततेचं बंधन असतं. अर्थात आठ वर्षांच्या मुलासाठी दुभाष्या ठेवण्यापेक्षा फादरांनी थोडी मराठी शिकणं सोपं.

आणि शिक्षकांसाठी: पोप फ्रान्सिस यांनी १० मे २०२१ रोजी धर्मशिक्षकाची सेवा ही चर्चमधली अधिकृत सेवा म्हणून स्थापन केली. तुम्ही व्हरांड्यात चटईवर जे करता ते "फावल्या वेळचं काम" नाही.

---

पुण्याचा_जॉनी
धागा पुन्हा सगळा वाचला. कोयनाकाठ ताईंचा प्रतिसाद वाचून मी माझ्या आईला फोन केला. तिनं मला सगळं कोंकणीत शिकवलं होतं. मी पुण्यात इंग्रजी मिस्सेला जातो, पण संकटात तोंडून कोंकणीच निघते. माझा मुद्दा मागं घेतो असं नाही, पण टीचरना काय म्हणायचं आहे ते कळलं.

---

कृष्णाकाठची_टीचर
पाच आठवड्यांनी परत लिहितेय.

फादरांशी बोलले. ते मंगळूरकडचे, मराठी समजते, बोलताना अडखळतात. मला वाटलं होतं ते टाळतील. त्यांनी विचारलं, "कुठला मुलगा?" मी म्हटलं, मुलगा कुठला ते राहू द्या, सगळ्यांचाच प्रश्न आहे. त्यांनी मराठी विधीचं पुस्तक कपाटातून काढलं आणि म्हणाले, पापक्षमेचे शब्द मला नीट म्हणता आले पाहिजेत, ते मुलाला ऐकू आले पाहिजेत. आता बुधवारी संध्याकाळी आमच्या चर्चमधल्या एक आजी त्यांचे उच्चार ऐकतात. "ळ" वर गाडी अडलेली आहे.

वर्गात पाच पायऱ्या मराठीत केल्या: दिवस आठवायचा, वाईट वाटून घ्यायचं, पुन्हा करणार नाही असं ठरवायचं, सांगायचं, आणि फादर देतील ते प्रायश्चित्त करायचं. पश्चात्तापाची प्रार्थना मराठीत पाठ. लोंडा काका, तुमचं ऐकून सगळ्यांकडून पाठ करून घेतली. मावशींच्या सांगण्याप्रमाणे घरून शब्द आणायला सांगितले. फळ्यावर कन्फेशनसाठी पाच वेगवेगळे शब्द झाले.

पालकांचा पहिला तास झाला. ११ पैकी सहा घरं आली. साताऱ्याच्या अजिंक्यतारा दादांच्या पाठांचा कागद तसाच वापरला. "कुणाची माफी मागायची राहिली आहे" यावर पहिली पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मग एक वडील उठून बाहेर जाऊन आले. मग बोलले.

न आलेल्या पाच घरांपैकी दोन घरी मी आणि दुसरी टीचर स्वतः जाऊन आलो. एका घरी आई म्हणाली, रविवारीच स्कॉलरशिपचा क्लास असतो. आम्ही वाद घातला नाही. चहा घेतला, मुलाबरोबर एक दशक म्हटलं आणि निघालो. पुढच्या रविवारी येईल की नाही माहीत नाही. परत जाऊ.

आणि तो तिसरीतला. परवा त्यानं मला थांबवून विचारलं, "टीचर, सांगताना आवाज किती मोठा काढायचा?" मी म्हटलं, आईच्या कानात सांगतोस तेवढा. तो म्हणाला, "मग जमतंय."

---

रात्रपाळी
टीचर, या रविवारी मला सुट्टी आहे. चटया झाडायला आणि फळा पुसायला येते. सहा वर्षांच्या खालची मुलं असतील तर ती मी सांभाळते, म्हणजे त्यांच्या आयांना तासाला बसता येईल.

---

कृष्णाकाठची_टीचर
याच ताई. नऊच्या आधी या, दार उघडायचं असतं. आणि तुमच्या मुलाला टाळ वाजवता येतो का विचारा, शेजारीदादांनी दोन जोड्या पाठवल्यात.